स्वस्तातला स्मार्टफोन घेऊ काय? सीमाभागातल्या गिऱ्हाइकांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बाजारात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. नवे फोनही विकतो, पण पोट चालतं ते दुरुस्तीवर. त्यामुळे कुठला फोन किती महिन्यांनी आणि कशामुळे माझ्या टेबलावर येतो, ते मला रोज दिसतं. नंदगड, जांबोटी, लोंढ्याकडची माणसं येतात, बेळगाव-येळ्ळूरचे पाहुणे येतात, निपाणीला दिलेल्या लेकी माहेरी आल्या की येतात. सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. सात ते अकरा हजारांच्या फोनबद्दलचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे लिहिली आहेत. फोन घेतल्यावर विचारण्याऐवजी घेण्याआधी वाचाल तर जास्त उपयोग होईल.

आठ-दहा हजारांचा फोन घेतला तर पैसे पाण्यात जातात काय?

जात नाहीत. फोनवर बोलणं, व्हॉट्सॲप, व्हिडिओ कॉल, यूपीआय, यूट्यूब, बँकेचं ॲप, बसचं तिकीट, एवढं सगळं हा फोन करतो आणि नीट वापरला तर तीन वर्षं करतो.

पैसे पाण्यात जातात ते चुकीच्या हातात चुकीचा फोन गेल्यावर. एकदा एकाच आठवड्यात मी एकाच मॉडेलचे दोन फोन विकले. एक जांबोटीकडच्या काकूंना. मुलगा फौजेत. संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल घ्यायचा, गणपतीत घरच्या आरासचे फोटो त्याला पाठवायचे, एवढंच त्यांचं काम. तो फोन आता चौथ्या वर्षात आहे, मधे फक्त काच बदलली. दुसरा फोन बेळगावात पार्सल पोचवणाऱ्या पोराने नेला. दिवसाचे दहा तास गाडीच्या हँडलवर, उन्हात, मॅप चालू, सोबत दोन-तीन ॲप. चार महिन्यांत फोन तापून बंद पडायला लागला आणि पोरगा म्हणाला, कितीला घेता बोला. खोकं तेच, किंमत तीच. म्हणून मी किंमत विचारण्याआधी दोन गोष्टी विचारतो: फोन कुणाच्या हातात राहणार, आणि दिवसातला जास्त वेळ कुठे असणार?

महाग फोनापेक्षा यात नेमकं काय कमी असतं?

सगळ्यात आधी वेग. ॲप उघडायला जास्त वेळ लागतो, कीबोर्ड अडखळतो, कॉल आल्यावर स्क्रीन उजळायला क्षणभर जातो. नवीन असताना जाणवत नाही, दीड वर्षाने जाणवतं.

मग कॅमेरा. दिवसाउजेडी शेताचा, बैलांचा, कागदाचा फोटो छान येतो. रात्री लग्नाच्या मांडवात येत नाही. मागे तीन-चार गोल दिसले म्हणून फसू नका. या किमतीत खरं काम एकच कॅमेरा करतो, बाकीचे बहुधा शोभेला असतात. खोक्यावरचा '५० मेगापिक्सल' हा आकडाही रात्रीच्या फोटोत काही मदत करत नाही.

स्क्रीन मोठी असते पण बारीकसारीक तेवढं स्पष्ट नसतं, आणि भर उन्हात वाचता येत नाही. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच फोन चांगले दिसतात. घेण्याआधी तो हातात घेऊन रस्त्यावर उन्हात या, नंबर वाचता येतो का बघा. कुठलाही दुकानदार याला नाही म्हणणार नाही.

आणखी एक कमतरता फार कमी लोक विचारतात. बऱ्याच स्वस्त फोनांत दिशा दाखवणारे सेन्सर पूर्ण नसतात. त्यामुळे मॅपमधला बाण उभ्या-उभ्या भलतीकडे तोंड करतो. चोर्ला घाटाने गोव्याला भाडं मारणाऱ्या ड्रायव्हरला याचा रोजचा त्रास आहे.

रॅम किती बघू आणि स्टोरेज किती?

माझ्याकडे येणाऱ्या 'फोन हँग होतोय' या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रॅम म्हणजे चालू असलेल्या ॲपना लागणारी जागा, स्टोरेज म्हणजे फोटो, व्हिडिओ, ॲप साठवायची जागा. आज फोन घेत असाल तर ४ जीबी रॅमच्या खाली येऊ नका. २ आणि ३ जीबीवाल्या फोनांसाठी अँड्रॉइडची 'गो' नावाची हलकी आवृत्ती असते. ती वाईट नाही, पण व्हॉट्सॲप आणि बँकेचं ॲप दरवर्षी जड होत जातात आणि फोन मात्र तेवढाच राहतो.

खोक्यावर मोठ्या अक्षरात '८ जीबी' आणि शेजारी बारीक अक्षरात '४ + ४' लिहिलेलं असेल तर खरी रॅम चारच समजा. वरचे चार म्हणजे स्टोरेजचा तुकडा उसना घेऊन रॅमसारखा वापरणं. स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी पट मंद असतं. त्याने एखादं ॲप मागे जिवंत राहतं, फोन पळायला लागत नाही. ८ जीबी रॅमच्या फोनाशी याची तुलना करून जास्त पैसे देऊ नका.

स्टोरेज मात्र परवडेल तेवढं जास्त घ्या. ६४ जीबीच्या फोनात साधारण १५ जीबी तर फोनची स्वतःचीच व्यवस्था खाते. उरलेल्यात काय साठतं ते बघायचं असेल तर माझ्या टेबलाशी बसा. मागच्या पावसाळ्यात एक मामा फोन घेऊन आले, 'कॉलसुद्धा उचलत नाही ओ'. उघडून बघितलं तर ६४ पैकी ६३ जीबी भरलेलं. गावचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, भजनी मंडळाचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप. रोजच्या शुभ सकाळच्या शेकडो फोटोंखाली फोन दबलेला. एकच कीर्तनाचा व्हिडिओ सात ग्रुपमधून सात वेळा उतरलेला. अर्ध्या तासात २० जीबी मोकळी केली आणि तोच फोन पुन्हा चालायला लागला. मामांनी नव्या फोनासाठी खिशात पैसे आणले होते. ते परत घेऊन गेले.

फोनची स्टोरेज चिप काठोकाठ भरली की मंदावते, आणि स्वस्त फोनांत ईएमएमसी नावाची जुन्या पद्धतीची, मुळातच हळू चिप असते. म्हणून दोन कामं पहिल्याच दिवशी करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधे 'स्टोरेज अँड डेटा' मधे जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. आणि ६४ व १२८ मधे हजार-दीड हजाराचाच फरक असेल तर १२८ घ्या. कॅमेऱ्याच्या आकड्यावर, मागच्या चकाकीवर, सोबतच्या फुकट इअरफोनवर जाणारे पैसे इथे घाला. मेमरी कार्डाची सोय असली तर चांगलीच, पण कार्डावर फोटो जातात, ॲप फोनातच राहतात.

५जी घेतलाच पाहिजे काय?

बेळगाव शहरात, निपाणीत राहात असाल आणि फोन तीन-चार वर्षं वापरायचा असेल तर थोडे पैसे घालून ५जी घ्या. खानापूरच्या पश्चिमेकडे जंगलपट्ट्यात राहात असाल तर त्या पैशांत १२८ जीबीचा चांगला ४जी फोन घ्या, बिनधास्त घ्या.

५जी घेताना एक खाच आहे. जिओचं ५जी 'एसए' पद्धतीचं आहे, म्हणजे स्वतःच्या पायावर उभं. एअरटेलने देशभर मुख्यतः 'एनएसए' पद्धत वापरली, म्हणजे ४जीच्या आधाराने चालणारं ५जी. काही अगदी स्वस्त ५जी फोन फक्त एसएच पकडतात. असा फोन घेऊन त्यात एअरटेलचं सिम घातलं तर वर ४जीच दिसत राहतं आणि माणूस दुकानदाराशी भांडायला येतो. तुमचं सिम कुठलं ते आधी सांगा आणि दोन्ही पद्धती चालतात का ते विचारून घ्या.

आमच्या गावात रेंजच नाही. महाग फोन घेतला तर रेंज येईल काय?

टॉवरच लांब असेल तर पन्नास हजारांचा फोनही हात टेकतो. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूला, भीमगडच्या जंगलाकडे डोंगर आणि झाडी एवढी आहे की एका वळणावर दोन काड्या असतात आणि पुढच्या वळणावर काहीच नसतं. तिकडे फोनापेक्षा सिम महत्त्वाचं. फोन घेण्याआधी शेजाऱ्यांना विचारा, कुणाचं कुठलं सिम घराच्या आत चालतं. अंगणात नव्हे, आत, स्वयंपाकघरात. मग त्या कंपनीचे बँड, म्हणजे ती ज्या लहरींवर चालते ते पट्टे, फोनात आहेत का बघा. लांब जाणाऱ्या आणि भिंतीतून शिरणाऱ्या लहरी कमी फ्रीक्वेन्सीच्या असतात, ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या. बीएसएनएलचं नवं ४जी घेणार असाल तर बँड २८ आहे का हे जरूर विचारा, कारण काही जुन्या स्वस्त फोनांत तो नसतो. दोन सिमची सोय असलेला फोनच घ्या आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा.

घरात वायफाय असेल तर सेटिंगमधे 'वायफाय कॉलिंग' चालू करा. रेंज नसलेल्या खोलीतही फोन लागतो, आणि बहुतेक नव्या स्वस्त फोनांतही ही सोय असते.

चंदगडकडे किंवा गोव्याला गेलं की कॉल लागतो पण नेट बंद पडतं. फोन खराब आहे काय?

फोन ठणठणीत असतो. तुमचं सिम कर्नाटक सर्कलचं. शिनोळीच्या पुढे किंवा चोर्ला उतरल्यावर फोन महाराष्ट्र-गोवा सर्कलच्या टॉवरला चिकटतो आणि काही फोन त्याला रोमिंग समजतात. सेटिंगमधे 'डेटा रोमिंग' बंद असेल तर नेट थांबतं. ते चालू करा. आजच्या नेहमीच्या प्लॅनमधे देशातल्या रोमिंगला वेगळे पैसे लागत नाहीत. सीमेला लागून असलेल्या गावांत घरी बसूनही असं होतं, कारण जवळचा टॉवर पलीकडच्या राज्यातला असतो. नवा फोन विकताना मी हे बटण चालू करूनच देतो.

मराठीत टाइप करता येईल काय? आणि कन्नडमधले मेसेज, कागद कसे वाचायचे?

या भागात स्वस्त स्मार्टफोनचा सगळ्यात मोठा फायदा कुठला असं विचाराल तर मी हाच सांगेन.

टाइप करण्यासाठी गूगलचा जीबोर्ड पुरेसा आहे. त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही घाला, स्पेसबार दाबून धरला की भाषा बदलते. माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोललात तर तो लिहितो. ज्यांना अक्षरं शोधायला वेळ लागतो त्यांच्यासाठी हा मोठा आधार आहे.

वाचण्यासाठी गूगल लेन्स. उतारा, पंचायतीची नोटीस, वीजबिल, औषधाच्या पाकिटावरची चिठ्ठी, कशावरही कॅमेरा धरायचा, 'ट्रान्सलेट' दाबायचं आणि कन्नडवरून मराठी निवडायचं. कन्नड अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं दिसायला लागतात. एक वयस्कर बाई दोन महिने एक कागद पिशवीत घेऊन फिरत होत्या. ज्याला दाखवावं तो म्हणायचा, निवांत वाचून सांगतो. त्यांच्याच साडेआठ हजारांच्या फोनवर मी लेन्स उघडून दिलं. कागद पाण्याच्या पट्टीचा होता, थकबाकी साधीच होती. त्यांनी फोन स्वतः हातात घेऊन तीनदा त्या कागदावर धरला आणि तीनदा वाचला. दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं आणि स्वतः वाचणं यात केवढा फरक आहे ते त्या दिवशी मला कळलं.

मात्र भाषांतरात नावं, सर्व्हे नंबर आणि कायद्याचे शब्द चुकतात. सही करायच्या कागदाचा अर्थ लेन्सवर सोडू नका, कन्नड नीट जाणणाऱ्या विश्वासाच्या माणसाकडून वाचून घ्या. रेंज नसलेल्या गावात राहात असाल तर गूगल ट्रान्सलेटमधे कन्नड आणि मराठीच्या फाइली वायफायवर आधीच उतरवून ठेवा. हे सगळं ४ जीबीच्या फोनवर चालतं, जरा दमाने घ्यावं लागतं एवढंच.

कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेच्या पैशांसाठी स्मार्टफोन लागतोच काय?

लागत नाही. दरमहाचे २,००० रुपये बँक खात्यात येतात आणि त्याचा मेसेज साध्या बटणाच्या फोनवरही येतो. ओटीपीचंही तसंच. लागतो तो एकच चालू नंबर, जो आधारला आणि बँकेला जोडलेला आहे. फोन बदलला तरी चालेल, तो नंबर बंद पडू देऊ नका.

आईसाठी, सासूबाईंसाठी घ्यायचा आहे. स्मार्टफोन झेपेल काय?

त्यांना कुणाचं तरी तोंड बघायचं असेल तर झेपतो. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे आणि या भागातल्या कितीतरी घरांतली पोरं फौजेत आहेत, बाकीची गोव्यात, पुण्यात, कोल्हापुरात. व्हिडिओ कॉलची ओढ असली की वय आड येत नाही, हे मी शंभरदा पाहिलं आहे.

फोन देताना अक्षरं मोठी करा, पहिल्या पानावर चारच चिन्हं ठेवा आणि बाकीची काढून टाका. जवळच्या माणसांचे फोटो लावून नंबर पुढे आणा. स्पीकरचा आवाज दुकानातच ऐकून बघा, कारण काही स्वस्त फोनांचा आवाज मिक्सर चालू असताना ऐकूच येत नाही. नव्या फोनात येणारी खेळांची, जाहिरातींची ॲप पहिल्याच दिवशी उडवा. ही ॲप आणि त्यांच्या सूचना स्वस्त फोनांत जास्त असतात. स्क्रीनवर अचानक आलेल्या जाहिरातीने म्हातारी माणसं घाबरतात, नको तिथे बोट लावतात.

घरात पेन्शनर असतील तर आणखी एक उपयोग आहे. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो. त्यासाठी अँड्रॉइड ७ किंवा पुढचं, ४ जीबी रॅम आणि ५ मेगापिक्सलचा कॅमेरा लागतो. आजच्या साध्या फोनात हे सगळं असतं.

ज्यांना फोनवर बोलण्यापलीकडे काही नको आहे, त्यांच्यावर स्मार्टफोन लादू नका. बटणाचा फोन आठवडाभर चार्ज टिकवतो आणि पडला तरी उठतो.

पोराच्या अभ्यासासाठी हा फोन पुरेल काय?

पुरेल, सोय म्हणून. कर्नाटकातली मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तकं पीडीएफमधे मिळतात. ती उतरवून ठेवली की नेट नसतानाही वाचता येतात. पण तासन्‌तास वाचायला फोनची स्क्रीन लहानच. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या मुलाला छापील पुस्तक हातात असू द्या आणि फोन शंका बघण्यापुरता द्या. फोन घरातला म्हणून द्या, पोराचा म्हणून नको. हे मी दुकानदार असून सांगतोय.

शेतात, पावसात, धुळीत टिकेल काय?

इथे स्वस्त फोनांची खरी परीक्षा होते.

चार्जिंगचं तोंड ही सगळ्यात दुबळी जागा. 'चार्ज होत नाही, बॅटरी बदला' म्हणून फोन येतो. मी भिंगाखाली धरतो आणि लाकडी टोकदार काडीने तोंडातून हळूच उकरतो. आधी खिशातली कापसासारखी लव निघते. निपाणीकडच्या फोनांत तिच्यात तंबाखूची तपकिरी भुकटी घट्ट बसलेली असते, इतकी की पिन आतपर्यंत जातच नाही. गुऱ्हाळावर काम करणाऱ्यांच्या फोनात चिकट थर असतो. साफ केलं की फोन चार्ज होतो, बॅटरीला काहीच झालेलं नसतं. घरी करायचं असेल तर फोन बंद करून लाकडी दातकोरण्याने करा. सुई, पिन घालू नका, आतले बारीक संपर्क तुटतात आणि शंभराचं काम हजारावर जातं.

पाऊस इथला सगळ्यांना माहीत आहे. स्वस्त फोनांवर लिहिलेलं आयपी ५२ किंवा ५४ म्हणजे थेंब, शिंतोडे सहन होतील, रोपलावणीच्या चिखलात पडला तर नाही. शेताला जाताना झिपवाली प्लॅस्टिक पिशवी वापरा. फोन भिजला तर लगेच बंद करा आणि चार्जिंगला अजिबात लावू नका. तांदळात पुरून ठेवण्याने फायदा होत नाही, उलट पीठ तोंडात जातं. कपड्याने पुसा, पंख्याखाली ठेवा आणि लवकरात लवकर दुरुस्तीवाल्याकडे न्या. भिजलेला फोन चालू आहे का हे बघण्यासाठी चार्जर लावला, म्हणून बोर्ड जळालेले फोन दर पावसाळ्यात माझ्याकडे येतात. फार वाईट वाटतं, कारण तासभर आधी आणले असते तर वाचले असते.

शेतात राबणाऱ्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. बोट लावून उघडणारं लॉक त्यांना दाद देत नाही. चार आकड्यांपेक्षा सहा आकड्यांचा पिन ठेवा.

बॅटरी किती दिवस चालेल?

यात स्वस्त फोन खरोखर चांगले आहेत. ५,००० एमएएचची बॅटरी ही आता साधी गोष्ट आहे आणि हळू चिप, कमी स्पष्ट स्क्रीन यामुळे दीड-दोन दिवस आरामात जातात. चार्ज व्हायला मात्र १० वॅटच्या चार्जरवर अडीच-तीन तास लागतात. पावसाळ्यात वीज जाते-येते त्या गावात हे ध्यानात ठेवा, शक्य असेल तर १५ किंवा १८ वॅटचा घ्या. खोक्यात चार्जर आहे का तेही विचारा, आता काही कंपन्या देत नाहीत.

यात फोन पे, गूगल पे सुरक्षित आहे काय?

फोन स्वस्त म्हणून यूपीआय असुरक्षित होत नाही. स्वस्त फोनांना सुरक्षेच्या अपडेट कमी वर्षं मिळतात हे मात्र खरं. सेटिंगमधे 'सिक्युरिटी अपडेट' ची तारीख दिसते. नवा फोन घेताना ती वर्षापूर्वीची असेल तर तो माल दुकानात पडून होता असं समजा आणि दुसरा मागा. अपडेट किती वर्षं देणार हे कंपनी सांगते, ते विचारा.

खरी चोरी दुसरीकडून होते. व्हॉट्सॲपवर 'लग्नपत्रिका' किंवा 'गाडीचं चलन' म्हणून फाइल येते, शेवटी 'एपीके' लिहिलेलं असतं, म्हणजे ते ॲप असतं. ती उघडून बसवली की तुमचे ओटीपी दुसऱ्याला दिसतात. पत्रिका कधी ॲप म्हणून येत नाही. ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नका, त्याचाही फोन चोरांच्या ताब्यात गेलेला असू शकतो. पैसे गेले तर त्याच घडीला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. उशीर झाला की पैसे पुढे पुढे सरकत जातात.

ऑनलाइन घेऊ की दुकानात?

मी दुकानदार आहे, तरी खरं सांगतो: दसरा-दिवाळीच्या सेलमधे ऑनलाइन हजार रुपये वाचतात. जीएसटी दोन्हीकडे १८ टक्केच आहे. पण कुठूनही घ्या, आधी एक गोष्ट विचारा, त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर बेळगावात आहे काय? नसेल तर वॉरंटीच्या कामासाठी कोल्हापूर नाही तर हुबळीचं भाडं पडतं आणि एक दिवसाची मजुरी बुडते. नव्या, कमी खपाच्या मॉडेलची काच महिना-महिना मिळत नाही, हे माझं रोजचं दुखणं आहे. आजूबाजूला चारजणांकडे आहे तोच फोन घ्या, त्याचे सुटे भाग मिळतात.

हप्त्यावर मिळतोय, घेऊ काय?

दहा हजारांच्या फोनासाठी मी घेऊ नका म्हणतो. 'झिरो टक्के' असलं तरी प्रोसेसिंग फी, विमा असं काही ना काही वर चढतं, सही करण्याआधी एकूण किती भरणार तो एकच आकडा लिहून मागा. शिवाय हप्त्यावरच्या काही फोनांत कुलूप घालणारं ॲप असतं, हप्ता चुकला की फोन बंद. ऊसबिल लांबलं म्हणून हप्ता राहिला आणि आजारी माणसासाठी गाडी बोलवायलाही फोन चालेना, असं एक कुटुंब माझ्यासमोर रडलं आहे. चार महिने थांबा, साठवा, रोखीने घ्या.

तेवढ्याच पैशांत सेकंड हँड चांगला फोन मिळतो. तो बरा नाही काय?

जाणकार माणूस सोबत असेल तर बरा. दोन-तीन वर्षांपूर्वीचा वीस हजारांचा फोन आजच्या नव्या नऊ हजारांच्या फोनापेक्षा बऱ्याचदा वेगवान असतो, कॅमेरा तर नक्कीच चांगला. पण त्याची बॅटरी थकलेली असते, अपडेट संपत आलेल्या असतात.

चोरीचा नाही ना, हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. फोनवर *#०६# दाबा, १५ आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबर दिसेल. मग इंग्रजीत के, वाय, एम ही तीन अक्षरं, थोडी जागा आणि तो नंबर, असा एसएमएस १४४२२ ला पाठवा. फोनची माहिती परत येते. फोन काळ्या यादीत किंवा आधीच दुसरीकडे वापरात दिसला तर हात लावू नका. सरकारच्या संचार साथी ॲपवरही हेच बघता येतं, आणि आपला फोन हरवला तर पोलीस तक्रारीची प्रत जोडून तिथूनच बंद करता येतो. जुन्या फोनाचं मूळ बिल मागायला लाजू नका.

मग हा फोन कुणी कुणी घेऊ नये?

दिवसभर मॅप चालवणारे, डिलिव्हरीवाले, भाड्याच्या गाडीचे ड्रायव्हर. व्हिडिओ काढून टाकणारी पोरं. ज्यांचं दुकान फोनवर चालतं, दिवसाला दीडदोनशे व्यवहार होतात, ते व्यापारी. यांनी आणखी चार-पाच हजार घालावेत. त्यांचा फोन म्हणजे अवजार आहे, ते बोथट असेल तर रोज नुकसान होतं.

मॉडेलचं नावच सांगा की एक!

नाव लिहिलं तर तीन महिन्यांत ते बाजारातून गेलेलं असतं, म्हणून लिहीत नाही. दुकानात गेल्यावर फोन स्वतःच्या हातात चालू करून घ्या. आपलं सिम घालून एक कॉल करा, समोरच्याला आवाज नीट जातो का विचारा. उन्हात नेऊन स्क्रीन बघा. चार्जर लावून बघा. छापील बिल घ्या, त्यावर आयएमईआय लिहिलेला आहे का बघा आणि तो खोक्यावरच्या नंबराशी जुळवा. घरी गेल्यावर तो नंबर रेशन कार्डाच्या पिशवीत एका चिठ्ठीवर लिहून ठेवा.